चोचीचं ओलसर टोक

चौथ्या फोटोत चोचीच्या टोकाची रुंदी चोचीच्या लांबीच्या एक-तृतीयांश भरते. नवव्या फोटोत ती एक-पंचमांश आहे. कॅमेऱ्याने प्रत्येक फोटोवर वेळ छापलेली असल्यामुळे मधलं अंतर नेमकं सांगता येतं: एक्केचाळीस सेकंद. एवढ्या वेळात कुठल्याही सजीवाची चोच आकसत नाही. बाराव्या फोटोत टोक बारीक, सरळ आणि स्वच्छ आहे, आणि पक्ष्याच्या पायाशी वाटाण्याहून लहान असा चिखलाचा गोळा पडलेला दिसतो.

हे मोजमाप मी केलं त्याला चौदा महिने झाले. तेवढ्या दिवसांत मी ते एकीशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे समुद्राला लागून एक उद्यान आहे. दक्षिणेला झोपाळे, बाकं आणि तिकीटघर. उत्तरेला कठडा संपतो आणि ओहोटीच्या वेळी चिखलाचं सपाट मैदान उघडं पडतं. हिवाळ्यात तिथे छोटे टिलवे उतरतात. चिमणीएवढा राखी पक्षी, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात टोचत पळत राहतो. असे हजारभर. त्यांना पाहायला कुणी येत नाही. आमच्या पक्षिमित्र मंडळाचे बत्तीस सभासद दर रविवारी दुर्बिणी लावून त्यांच्यावरून नजर फिरवतात, पण ती शाळेच्या कार्यक्रमात पालक इतरांच्या मुलांवरून फिरवतात तशी. शोध असतो तो चमचचोच टिलव्याचा. अंगाने हुबेहूब तसाच, फक्त चोचीचं टोक चमच्यासारखं पसरट. जगात काही शेच उरले आहेत. तो ज्याला दिसेल त्याचं नाव मंडळाच्या यादीत त्या पक्ष्यापुढे कायमचं लागतं.

मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला तो भाऊजींना दिसला.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. निवृत्त दंतवैद्य आणि मंडळाचे अध्यक्ष. अजूनही समोरचा माणूस हसला की ते त्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघतात. त्या सकाळी त्यांच्याबरोबर दोघे होते. एक तोफवाला. त्याची लेन्स एवढी मोठी आहे की ती ठेवायला त्याने लहान मुलांची ढकलगाडी घेतली आहे, आणि रस्त्यात म्हाताऱ्या बायका कौतुकाने आत डोकावतात. दुसरा मीपण. तुम्ही कुठलाही पक्षी पाहिला म्हणा, तो म्हणतो, "मीपण." हे नाव त्याला कुणी दिलं ते आठवत नाही, त्याने मात्र ते कौतुक समजून स्वीकारलं आहे.

मंडळाचा एक नियम आहे आणि तो चांगला आहे. दुर्मीळ पक्षी दिसला तर तीन साक्षीदारांनी एकमेकांशी एक शब्दही न बोलता, आपापल्या घरी बसून वर्णन लिहायचं आणि बंद पाकिटात पडताळणी सचिवाकडे द्यायचं. पडताळणी सचिव मी. मी वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दिवसभर दुकानांचे तराजू पारखते. भाऊजींनीच मला या पदावर बसवलं. "तुला खोट काढायची सवय आहे," ते म्हणाले होते, "ती घरात वापरण्यापेक्षा इथे वापर."

तिन्ही पाकिटं त्याच दिवशी दुपारी आली. तिन्ही वर्णनं एकाच हिरव्या शाईच्या पेनाने लिहिलेली होती. तिन्ही कागदांवर चहाच्या कपाचं वर्तुळ होतं. तिन्हींत एक ओळ अक्षरशः सारखी होती: ‘चोचीचं टोक चमच्याच्या आकाराचं, काळसर, ओलसर.’

ओलसर. तीन सुशिक्षित माणसांनी हा शब्द लिहिला आणि एकालाही प्रश्न पडला नाही की बाकीची चोच कोरडी असताना टोक तेवढं ओलं कसं.

तोफवाल्याने वर्तमानपत्राला आठ फोटो दिले होते. मी सगळे मागितले तेव्हा तो म्हणाला, "पुढचे हललेत हो मॅडम." मी म्हटलं, हललेलेही चालतील, आमच्याकडे हलणारे तराजूही तपासतात. त्याने चौदाच्या चौदा पाठवले. त्याने ते नीट पाहिले नव्हते, असं मी आजही मानते. पाहून पाठवायला धैर्य लागतं, आणि ते त्याच्याकडे असतं तर त्याला एवढी लेन्स लागली नसती.

त्या रात्री मी नोंदीपुढे शेरा लिहिला: ‘विचाराधीन’. हा शब्द ज्याने शोधून काढला त्याचं भलं होवो. त्यात खोटं काही नाही आणि खरंही काही नाही.

दुसऱ्या दिवशी बातमी आली: ‘दंतवैद्यांना दिसली जगातली दुर्मीळ चोच’. मग माणसं आली. सहाशे किलोमीटरवरून एक गृहस्थ आले, तीन दिवस बाकावर बसले, चौथ्या दिवशी त्यांना पक्षी दिसला. पाठमोरा. त्यानंतर मंडळाच्या वहीत सदतीस जणांनी तो पाहिल्याचं लिहिलं. अठ्ठावीस जणांना पाठमोरा, सहा जणांना उडताना, दोघांना ‘जाणवला’, आणि मीपणला पुन्हा एकदा. या सदतीस जणांच्या वाटेत बाकीचे टिलवे येत होते, म्हणून लोक हुसकावून उडवत. उडाल्यावर नीट दिसतो म्हणे. मी दर रविवारी एकाच बाकावरून, एकाच भरतीच्या पातळीला मोजणी करते. मागच्या वर्षी सुरुवातीला अकराशे चाळीस टिलवे होते. या वर्षी चारशे दहा.

आकडे मी वहीत लिहिले. शेरा बदलला नाही.

याला कारण ताई होती. मी तिच्या खालच्या मजल्यावर राहते. भाऊजी दवाखाना बंद करून घरी बसले ती दोन वर्षं मला छतातून ऐकू यायची. सकाळी सहाला त्यांची पावलं स्वयंपाकघरात जायची आणि दुपारी एकपर्यंत तिथून हलायची नाहीत. ते डब्यांवर तारखा चिकटवत. कांदा किती जाडीचा चिरावा ते दाखवत. दूध तापताना शेजारी उभे राहून "आता, आता, आता" म्हणत आणि उतू गेलं की "बघ, सांगत होतो" म्हणत. ताईने एकदा माझ्याकडे येऊन दार लावून घेतलं आणि अर्धा तास नुसती खुर्चीवर बसून राहिली. पाणीसुद्धा नको म्हणाली. "इथे कुणी काही बोलत नाही," एवढंच जाताना म्हणाली.

पक्षी दिसल्यापासून भाऊजी पहाटे साडेपाचला घर सोडतात ते जेवायला परत येतात. संध्याकाळी शाळांतून, ग्रंथालयांतून व्याख्यानं. उन्हाळ्यात टिलवे हजारो किलोमीटर उत्तरेला असतात, तरी भाऊजी उद्यानात जात होते. "जागा राखायला हवी," म्हणायचे. ताईचं वजन दोन किलोंनी वाढलं. ती रेडिओ ऐकू लागली. भाजी चिरताना गुणगुणायची तेही मला छतातून ऐकू यायचं.

फोटोंचं मी तिला एकटीला सांगितलं होतं. गेल्या महिन्यात, तिच्याच स्वयंपाकघरात. तिने बारावा फोटो हातात घेऊन दूर धरला, जवळ धरला.

"हा चिखल आहे होय?"

"हो."

"नक्की?"

"ताई, खाली पडलेला दिसतोय."

तिने फोटो पालथा ठेवला आणि त्यावर साखरेचा डबा ठेवला. "तू ह्यांचा पक्षी मारू नकोस गं."

"मी कुणाला मारत नाहीये. चोच धुतेय फक्त."

"मग राहू दे की चिखल! तुझ्या चोचीला लागलाय की माझ्या?"

"मंडळाच्या यादीला लागलाय."

"यादी!" ताईने हात झटकले. "यादी काय दुपारी एकपर्यंत माझ्या डोक्यावर उभी राहणार आहे का? अगं, एवढासा जीव तो. आला आणि हा अख्खा माणूस घराबाहेर काढून गेला. जे मला पस्तीस वर्षांत जमलं नाही ते त्याने एका सकाळी केलं. आणि तू त्याची चोच मोजतेस."

मी म्हटलं, "खोट्या तराजूवर मी दर आठवड्याला शिक्का नाकारते. ते दुकानदारही कुणाचे तरी नवरे असतात."

"त्यांच्या बायका तुला लहानपणी अंघोळ घालत नव्हत्या," ताई म्हणाली. तिने डबा उचलला, फोटो चिमटीत धरून माझ्या पिशवीत टाकला. "विचाराधीनच राहू दे. तुझं काय जातंय?"

माझं काय जात होतं ते मला सांगता आलं नाही, म्हणून मी एक पळवाट शोधली. खरा चमचचोच टिलवा सापडला असता तर जुन्या नोंदीकडे कुणी वळून पाहिलं नसतं. म्हणून मी मोजणी संपल्यावर शोधू लागले. ज्यांना हसत होते त्यांच्यातच जाऊन बसले. चारशे चोची, एकेक करून, डावीकडून उजवीकडे. आणि तीन आठवड्यांपूर्वी तो मला दिसला.

चोचीचं टोक रुंद, काळं. खोटं का सांगू, माझ्या डोक्यात मापं आली नाहीत. माझं नाव आलं, आणि त्यापुढे लावलेला पक्षी. ताईचं गुणगुणणं चालू राहणार होतं, भाऊजींची व्याख्यानं चालू राहणार होती, आणि हे सगळं मी खोटं न बोलता साधणार होते. अकरा सेकंद. मग पक्ष्याने चोच ओल्या दगडावर डावी-उजवी पुसली आणि सुईसारखी स्वच्छ करून पळाला.

"मीपण पाहिला!" शेजारून आवाज आला. मीपणकडे त्या दिवशी दुर्बीणही नव्हती.

"काय पाहिलंत?" मी विचारलं.

"तुम्ही पाहिलात तोच."

तो खोटारडा नाही. मला त्याच्याबद्दल एवढी आपुलकी पूर्वी कधी वाटली नव्हती, कारण पक्ष्याने चोच पुसायला आणखी एक मिनिट लावलं असतं तर त्याच्या वर्णनाखाली माझीही सही असती.

त्यानंतर दहा दिवसांनी उद्यान खात्याचं पत्र आलं. चमचचोच टिलव्याच्या सन्मानार्थ उत्तरेच्या चिखलावरून समुद्रापर्यंत लाकडी पूल बांधायचा होता. पुलाच्या टोकाला निरीक्षण सज्जा आणि पक्ष्याचा पुतळा. नकाशे तयार होते. एकच कागद राहिला होता: नोंद अंतिम असल्याचं पडताळणी सचिवांचं प्रमाणपत्र. रविवारी सकाळी तिकीटघराच्या वरच्या खोलीत बैठक ठेवली होती.

त्या खोलीत हरवलेल्या छत्र्या ठेवतात. एका भिंतीशी छत्र्यांचा ढीग, दुसऱ्या भिंतीवर नकाशा, मधे आमच्या खुर्च्या. मंडळाचे वीसेक जण आले होते. बहुतेकांनी चमच्याच्या चोचीचं चित्र छापलेले पिवळे शर्ट घातले होते. ताई मंडळाच्या कुठल्याही बैठकीला पूर्वी आली नव्हती. त्या दिवशी ती पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. ती भाऊजींचं कौतुक पाहायला आली नव्हती. ती माझ्यावर लक्ष ठेवायला आली होती, आणि ते तिने लपवलंही नाही.

उद्यान अधिकारी उत्साही गृहस्थ होते. त्यांनी पुतळ्याचं चित्र दाखवलं. पुतळा माणसाहून उंच होता आणि चोच आमटी वाढायच्या डावासारखी.

"टोक जरा आणखी रुंद करा," भाऊजी म्हणाले. "प्रत्यक्षात जास्त भरीव होतं."

"आणि थोडं चकाकतं," मीपण म्हणाला. "ओलसर."

"ओलसरसाठी रोगण आहे आपल्याकडे," अधिकारी म्हणाले आणि लिहून घेतलं.

तोफवाला ढकलगाडी पुढे-मागे करत होता, आत रडणारं मूल असल्यासारखी.

मी विचारलं, "पुलाला खांब किती?"

"दोनशे बारा. अगदी मजबूत. दोन्ही बाजूंना दिवे."

"ते कधी ठोकणार?"

"पुढच्याच महिन्यात. हिवाळ्यात समुद्र शांत असतो ना."

"पुढच्या महिन्यात तिथे पक्षी असतात."

"चमचचोच?" त्यांनी आशेने विचारलं.

"छोटे टिलवे. चारशे दहा. ते बर्फाळ प्रदेशात परत जाण्याआधी त्या चिखलात खाऊन वजन वाढवतात. ओहोटीला उघडा पडणारा एवढा चिखल त्यांना या किनाऱ्यावर दुसरीकडे नाही."

अधिकाऱ्यांनी हसून हात हलवला. "अहो मॅडम, ते साधे. ते काय, कुठेही बसतील. आणि पुढे पाट्या लावणारच आहोत आपण, पक्ष्यांना त्रास देऊ नका म्हणून."

खोलीत माना डोलल्या. पिवळ्या शर्टातली वीस माणसं. त्यांतल्या प्रत्येकाने मला कधी ना कधी सांगितलं होतं की पक्ष्यांवर आपला जीव आहे. ते खरंच असावं. फक्त एका वेळी एकाच पक्ष्यावर.

"चला," भाऊजी उठले. त्यांनी हिरव्या शाईचं पेन खिशातून काढून टोपण उघडलं आणि कागदासकट माझ्यासमोर ठेवलं. मग सगळ्यांकडे वळले. "आमच्या मेव्हणीबाईंनी या नोंदीचा चौदा महिने विचार केलाय, बरं का. मी एवढा विचार लग्नाआधीही केला नव्हता." हशा पिकला. ताई हसली नाही. "पण मी एका शब्दाने टोकलं नाही. म्हटलं, घेऊ दे वेळ. शास्त्र म्हणजे शास्त्र. आता नोंद तावून सुलाखून निघाली आहे, कुणाची बोट दाखवायची टाप नाही."

हे ऐकलं आणि मला माझा शेरा नीट दिसला. मी समजत होते की ‘विचाराधीन’ लिहून मी दोन्ही बाजूंपासून लांब उभी आहे. प्रत्यक्षात त्या चौदा महिन्यांनी नोंदीला जेवढं वजन आलं होतं तेवढं तीन साक्षीदारांनी मिळूनही आणलं नव्हतं. दुकानदार तराजूच्या पारड्याखाली चुंबक चिकटवतात. मी स्वतः जाऊन चिकटले होते.

मी पिशवीतून पाकीट काढलं. चौदाही फोटो त्यात होते. पहिला फोटो मी टेबलावर ठेवला, मग दुसरा, ओळीने. अधिकारी कौतुकाने पुढे वाकले. मीपणने पाहिल्याचं सांगितलं. नवव्याला भाऊजींनी चष्मा लावला. बाराव्याला तोफवाल्याची ढकलगाडी थांबली.

भाऊजी बाराव्या फोटोवर बराच वेळ वाकून होते. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या तोंडात पाहून दात कुठला आणि दाताला अडकलेलं काय ते वेगळं केलं होतं. त्यांच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. ते सरळ झाले, पण चष्मा काढायचं विसरले, त्यामुळे त्यांचे डोळे मोठे आणि अगदी एकटे दिसत होते.

"हा हललाय," ते हळूच म्हणाले.

"नाही हो, भाऊजी."

"मग सही राहू दे आज. आणखी थोडा विचार कर. घाई कुणाला आहे?" आवाज खाली आला होता, फक्त मला आणि पहिल्या रांगेला ऐकू जाईल एवढा.

"अगं, म्हणतायत ना ते," ताई म्हणाली. "राहू दे की विचाराधीन." तिच्या हातातल्या पर्सचं बक्कल उघड-मिट होत होतं. उद्या सकाळी सहापासून दुपारी एकपर्यंतचे सगळे तास तिच्या चेहऱ्यावर उभे होते आणि त्यांतल्या एकाचाही इलाज माझ्याकडे नव्हता.

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "मॅडम, काय लिहू मग मी? अंतिम म्हणू ना?"

मी पेनाला टोपण लावलं आणि ते भाऊजींच्या हातात दिलं.

"नामंजूर," मी म्हणाले. "नोंद मी नामंजूर करतेय."